आत्याच्या ओव्यांच्या अडतीस फ्लॉप्या : प्रकल्प नोंदी

८ जून २०२४, शनिवार, चिपळूण

माळ्यावरचा पत्र्याचा डबा खाली काढला. आत ३८ फ्लॉप्या. ११ सव्वापाच इंची, २७ साडेतीन इंची. १९९१ ते १९९८ या काळात आत्याने चिपळूण, गुहागर, खेडकडच्या गावांत फिरून बायकांकडून जात्यावरच्या ओव्या उतरवून घेतल्या. वही भरली की ती बाजारपेठेतल्या एका डीटीपीवाल्याकडे द्यायची, तो टाइप करून फ्लॉपी हातात ठेवायचा. वह्या खालच्या कपाटात होत्या. २२ जुलै २०२१ च्या पुरात त्या कपाटासकट गेल्या. डबा माळ्यावर होता म्हणून राहिला.

आत्याचा प्रश्न सरळ होता. "यात अजून काही आहे का रे, की नुसतं प्लास्टिक?" मी म्हटलं बघतो. हातात धरून सांगता येत नाही, हे तिला पटवायला वेळ लागला. वही उघडली की कळतं ना!

आज एकही फ्लॉपी ड्राइव्हमध्ये घातलेली नाही, घालणारही नाही. ०१ ते ३८ आकडे चिकटवले. सव्वापाचच्या कडेची खाच चिकटपट्टीने बंद केली. साडेतीनच्या कोपऱ्यातली खिट्टी सरकवून भोक उघडं केलं. दोन्हींचा अर्थ एकच, यावर आता लिहिता येणार नाही. गंमत म्हणजे एकीत बंद केलं की कुलूप आणि दुसरीत उघडलं की कुलूप.

मग बॅटरीच्या उजेडात सव्वापाचच्या खिडकीतून चकत्या फिरवून पाहिल्या. ०४, ०७, ०९ वर पांढरट ठिपके. बुरशी. त्या वेगळ्या पिशवीत.

हे लिहून ठेवतोय कारण असल्या कामात तीच फ्लॉपी दोनदा धुतली जाते.

१२ जून, बुधवार, पुणे

हाताशी काय आहे त्याची यादी. साडेतीन इंची ड्राइव्ह दोन. सव्वापाच इंची ड्राइव्ह एक, ४० ट्रॅकचा (ट्रॅक म्हणजे चकतीवरची गोल वाट), एका कॉलेजच्या भंगारातून उचललेला. ग्रीझवीझल नावाचा छोटा बोर्ड, त्याची रचना सगळ्यांसाठी खुली आहे. जुना एसएमपीएस, म्हणजे संगणकाला वीज पुरवणारा डबा, कारण सव्वापाचच्या मोटरला १२ व्होल्ट लागतात. हिरवी वायर काळीला जोडली की एसएमपीएस जागा होतो.

साधा यूएसबी फ्लॉपी ड्राइव्ह का नको? तो फक्त "वाचता आलं" किंवा "आलं नाही" एवढंच सांगतो. ग्रीझवीझल निवाडा करत नाही. चुंबकाची दिशा नेमकी कोणत्या क्षणी पालटली, तेवढं मोजून देतो. बाकीचं आपण निवांत बसून सोडवायचं.

ड्राइव्हच्या दांड्यांवरचं ग्रीस मेणासारखं घट्ट झालं होतं. पुसून नवं लावलं. हेड, म्हणजे चकतीवर लिहिणारा-वाचणारा भाग, आयसोप्रोपिल अल्कोहोलने साफ. आधी एका कोऱ्या फ्लॉपीवर चाचणी. फेरे मिनिटाला ३००, म्हणजे एका फेऱ्याला २०० मिलिसेकंद. बरोबर.

१६ जून, रविवार

०१ घातली. वाचली गेली. खरं सांगायचं तर हात थरथरत होता.

पडद्यावर आलेखात तीन टेकड्या उभ्या राहिल्या, ४, ६ आणि ८ मायक्रोसेकंदांवर. या तीन टेकड्यांत सगळं आलं, म्हणून इथे जरा थांबतो.

फ्लॉपी म्हणजे पॉलिस्टरची पातळ चकती आणि तिच्यावर लोखंडाच्या ऑक्साइडचा लेप. तपकिरी रंग त्याचाच, गंजाच्या घराण्यातला. ऑक्साइडचे कण सुईसारखे लांबट असतात आणि एका गोंदात बसवलेले असतात. लांबट कणाला चुंबकत्व आपल्या लांबीच्या दिशेनेच धरायला आवडतं, या टोकाकडे किंवा त्या टोकाकडे, अधेमधे नाही. लिहिताना हेडमधल्या तारेतून वीज जाते आणि खालून सरकणारे कण एका दिशेला वळतात. वीज उलटी केली की पुढचे कण उलटे. वीज बंद झाली तरी ते तसेच राहतात.

आपण सहज म्हणतो की एक दिशा म्हणजे शून्य आणि दुसरी म्हणजे एक. इथेच चुकतं. वाचणाऱ्या हेडला दिशा कळतच नाही. त्याच्या वेटोळ्यात वीज उमटते ती चुंबकत्व बदलतं तेव्हाच. एकाच दिशेचे हजार कण खालून गेले तर शांतता. पालट आला की टिचकी. फ्लॉपीवर ना शून्य आहे ना एक, दोन टिचक्यांमधलं अंतर आहे. आणि शांतता फार लांबली तर किती बिट गेले याचा हिशेब सुटतो, म्हणून एमएफएम नावाची पद्धत. एक असेल तर बिटाच्या मध्यावर पालट. शून्य असेल तर नाही, पण लागोपाठ दोन शून्य आले तर त्यांच्या सांध्यावर एक पालट ताल धरण्यासाठी. त्यामुळे या फ्लॉपीवर दोन पालटांतलं अंतर ४, ६ किंवा ८ यांपैकीच एक येतं. तबल्यावर मात्रा चुकू नये म्हणून हाताने खाली-टाळी दाखवतात, तसलाच प्रकार.

टेकड्या उंच आणि सुट्या दिसल्या तर फ्लॉपी ठणठणीत. पायथे एकमेकांत मिसळले तर आजारी. ०१ च्या टेकड्या तेहतीस वर्षांनंतर सह्याद्रीच्या सुळक्यांसारख्या सुट्या आहेत.

आज ०१, ०२, ०३, ०५, ०६, ०८, १० सगळ्या पूर्ण. प्रत्येकीत ७२० सेक्टर (ट्रॅकचे तुकडे), प्रत्येक सेक्टरला तपासणीचा १६ बिटांचा आकडा, सगळे जुळले.

११ मात्र सपशेल नापास. सेक्टरमागून सेक्टर चुकीचा. टेकड्या नाहीत, नुसता चिखल.

१७ जून, सोमवार

शेजारच्या काकांनी विचारलं, इतकी वर्षं पृथ्वीच्या चुंबकाने ते पुसलं कसं नाही? प्रश्न चांगला आहे. या जातीच्या लेपाची दिशा उलटवायला साधारण ३०० ओर्स्टेड लागतात (ओर्स्टेड म्हणजे चुंबकी क्षेत्राचा जोर मोजायचं माप). पृथ्वीचं क्षेत्र आपल्याकडे अर्ध्या ओर्स्टेडहूनही कमी. तेवढ्याने कण हलत नाही. ड्राइव्हमधून काढून स्पीकरच्या चुंबकावर ठेवली असती तर गोष्ट वेगळी.

मला आजवर भेटलेल्या मेलेल्या फ्लॉप्यांत चुंबकत्व विझल्यामुळे मेलेल्या थोड्याच. बाकीच्या गोंदाने मारल्या. गोंद दमट हवेत पाणी पितो, मऊ पडतो, त्याच्यावर बुरशी धरते आणि हेड फिरलं की लेप खरवडून निघतो. कोकणातल्या पावसाळ्यात तीस वर्षं म्हणजे त्याची कसोटीच.

२३ जून, रविवार

साडेतीन इंचीचा दिवस. इथे ८० ट्रॅक, दोन बाजू, ट्रॅकला १८ सेक्टर, सेक्टरला ५१२ बाइट. गुणाकार १४,७४,५६०. यालाच आपण १.४४ एमबी म्हणत आलो, जे कुठल्याच हिशेबाने बसत नाही. १४४० ला १०२४ ने गुणायचं आणि मग म्हणताना १००० ने भागायचं, असा तो दोन दगडांवर पाय आहे.

प्रत्येक ट्रॅकचे तीन फेरे घेतोय. एक फ्लॉपी दोन मिनिटांत होते. २७ पैकी १९ पूर्ण. त्यांतल्या पाच बाजूला ठेवल्या. लग्नपत्रिकांची चित्रं, एक अँटिव्हायरस, एक विटांचा खेळ, असलं काहीबाही. डीटीपीवाल्याने वापरलेल्याच फ्लॉप्या आत्याला दिल्या म्हणायच्या.

प्रत्येक फ्लॉपीनंतर हेड पुसायचं. इअरबडवर तपकिरी रेघ दिसली की थांबायचं. ती रेघ म्हणजे कुणाची तरी ओवी.

आज दोनदा रेघ दिसली. उरलेल्या आठ नंतर.

३० जून, रविवार

जुन्या बाजारात गेलो. तिथे पंखे, नळ, घड्याळं यांच्या ढिगात एक सव्वापाच इंची ड्राइव्ह सापडला, १.२ एमबीचा, ८० ट्रॅकचा. विक्रेता म्हणाला, "सीडी लावायचा आहे, चालू आहे." चारशे रुपये. घासाघीस केली नाही, चेहरा साधा ठेवणंच अवघड जात होतं.

हा ड्राइव्ह मला ११ साठी हवा होता. आठवडाभर डोक्यात एक शंका होती. ४० ट्रॅकच्या ड्राइव्हचं हेड रुंद असतं, ट्रॅकची पट्टी सुमारे ०.३ मि.मी. ८० ट्रॅकवाल्याची साधारण निम्मी. आता समजा डीटीपीवाल्याने जुन्या संगणकावर फाइल लिहिली. मग दुकानात नवा संगणक आला, त्यात ८० ट्रॅकचा ड्राइव्ह. आत्या दुरुस्त्या घेऊन गेली, त्याने तीच फ्लॉपी नव्यात घालून तीच फाइल बदलली. रुंद पट्टीच्या मधोमध अरुंद पट्टी लिहिली गेली आणि दोन्ही कडांना जुनी ओवी तशीच राहिली. नव्या ड्राइव्हला काहीच अडचण नाही, त्याला मधलीच दिसते. पण माझा जुना रुंद हेडवाला दोन्ही एकदम ऐकतोय. दोन माणसं एकाच वेळी बोलतायत.

नव्याने वाचली. मिनिटाला ३६० फेरे, म्हणून टेकड्या ४, ६, ८ ऐवजी ३.३, ५, ६.७ वर. सुट्या. ७२० पैकी ७२०.

आत्याला फोन केला. "त्याने कॉम्प्युटर बदलला तेव्हा तू जुन्या फ्लॉपीवर दुरुस्त्या केल्या होत्यास का?" ती म्हणाली, "केल्या होत्या. सीतेच्या ओव्यांत. तुला कसं कळलं?"

हे उत्तर ऐकायला मी चारशेच काय, चार हजारही दिले असते.

१४ जुलै, रविवार

बुरशीवाल्या तीन.

कोऱ्या फ्लॉप्यांची तीन आवरणं वरच्या कडेने कापून रिकामी केली. ०७ चं आवरण कापलं, चकती मधल्या कड्याला धरून बाहेर घेतली. हातमोजे. डिस्टिल्ड वॉटर, भांडी घासायच्या साबणाचे दोन थेंब, बोटाच्या टोकाने आतून बाहेर हलकं पुसायचं. मग नुसत्या पाण्याने दोनदा. मऊ कापडावर पंख्याखाली, उन्हात नाही. लेपाला पाण्याचं भय नाही, ओरखड्याचं आहे. बुरशीचे ठिपके निघाले, खाली लेप थोडा मंद दिसतो, पण आहे.

वाळवायला पूर्ण दिवस दिला. पुण्यात पाऊस, हवेत ओल, मी चकत्यांकडे लोणच्याच्या फोडींसारखा दर तासाला बघून येत होतो.

१५ जुलै, सोमवार

०७ पूर्ण. ०९ पूर्ण. ०४ मध्ये एक सेक्टर जात नाही. दहा फेरे घेतले, मग वीस. दोन्ही ड्राइव्हवर. त्या जागी टिचक्याच येत नाहीत. लेप नाही म्हणजे नाही.

२१ जुलै, रविवार

आज फ्लॉपी नाही. भाचीला दाखवायला एक प्रयोग केला, तो इथे नोंदवतो कारण मलाच पुन्हा लागेल.

मुदत संपलेलं, काळी पट्टी असलेलं जुनं एटीएम कार्ड. लोखंडाची अगदी बारीक पूड अल्कोहोलमध्ये ढवळून पट्टीवर थेंब सोडला आणि वाळू दिला. आधी रत्नागिरीहून आणलेल्या काळ्या वाळूतून चुंबकाने ओढलेले कण वापरून पाहिले, ते फार जाड निघाले. बारीक पूड मात्र रेघांत बसली, बारकोडसारखी. या पट्टीच्या दुसऱ्या ओळीत इंचाला ७५ च बिट असतात, म्हणजे मिलिमीटरला तीन. भिंगातून मोजता येतात. ती मोजत बसली. फ्लॉपीवर हे दिसणार नाही, तिथे इंचाला काही हजार पालट आहेत.

मग तिने विचारलं, खरोखरच एका गोष्टीत एक बिट असं कधी नव्हतं का? होतं. फेराइटच्या बारीक कड्या, मण्यांसारख्या, तारांच्या जाळीत ओवलेल्या. एक कडी म्हणजे एक बिट, चुंबकत्व या बाजूने फिरतं की त्या बाजूने एवढंच. मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेने बांधलेल्या टिफ्रॅक संगणकाची स्मृती अशीच होती. २०४८ शब्द, प्रत्येकी ४० बिट, एकूण ८१,९२०. १९६० मध्ये तो पूर्ण चालू झाला. आत्याच्या एका सव्वापाच इंची फ्लॉपीत तसल्या बरोबर ३६ स्मृती मावतात. कडीची आणखी एक तऱ्हा म्हणजे ती वाचली की पुसली जाते, कारण वाचायचं म्हणजे तिला शून्याकडे ढकलून बघायचं, हलली तर आधी एक होती. मग पुन्हा लिहून ठेवायचं. भाची म्हणाली, हे तर झोपलेल्या माणसाला झोपलास का विचारण्यासारखं झालं.

४ ऑगस्ट, रविवार

साडेतीनच्या उरलेल्या आठ. पाच दुसऱ्या ड्राइव्हवर निघाल्या. लिहिणाऱ्या ड्राइव्हचं हेड जरा तिरकं असेल तर वाचणाराही तसाच तिरका लागतो. दोन ड्राइव्ह ठेवण्याचा फायदा हाच.

२२ आणि २७ ची भानगड वेगळी. कोपऱ्यातलं दुसरं भोक कारखान्याचं नाही, कडा वितळलेल्या आहेत. ७२० केबीची स्वस्त फ्लॉपी घ्यायची, सोल्डरिंग आयर्नने भोक पाडायचं की ड्राइव्हला वाटतं १.४४ ची आहे. त्या काळी हे सर्रास चालायचं, मीही केलंय. पण लेप वेगळा. १.४४ च्या फ्लॉपीवर तो पातळ असतो आणि त्याला वळवायला जोर जास्त लागतो. जाड, मऊ लेपावर पालट दाटीने लिहिले की शेजारी एकमेकांना ढकलतात आणि टेकड्या पसरतात. लिहिल्या दिवशी वाचता येतं, म्हणून माणूस खूश राहतो.

२२ बत्तीस फेऱ्यांत पूर्ण निघाली. २७ चा साधारण एक तृतीयांश भाग गेला.

३३ वर गोल ओरखडा आहे, प्लास्टिक पारदर्शक दिसतं. ड्राइव्हमध्ये घालणार नाही. हेडवर कचरा बसला तर पुढच्या फ्लॉपीचा बळी जाईल.

१८ ऑगस्ट, रविवार

चुंबकाचं काम संपलं असं वाटलं तर खरी मारामारी इथे निघाली.

सव्वापाच इंचीतल्या फाइली उघडल्या. १८६, २१८, १९४, १६२. तक्ता समोर धरला. ज, आ-कार, त, अनुस्वार. जातं! हे इस्की आहे, आपल्या लिप्यांसाठी ठरवलेलं भारतीय मानक. डीटीपीवाल्याच्या पहिल्या संगणकात सी-डॅक या सरकारी संस्थेचं जिस्ट कार्ड असणार, संगणकाला आपल्या लिप्या शिकवणारं. युनिकोडमधला (आज सगळीकडे चालणाऱ्या अक्षर-आकड्यांच्या तक्त्यातला) देवनागरीचा भाग इस्कीवरूनच बेतलेला असल्याने बदलायला दहा ओळींचा प्रोग्रॅम पुरला. संध्याकाळपर्यंत ११ फ्लॉप्या वाचण्याजोग्या मराठीत.

साडेतीन इंचीत नुसता कचरा. चार-पाच वर्षांनी नव्या, पण वाचायला कठीण. तोवर विंडोज आलं होतं आणि फॉन्टच्या मर्जीप्रमाणे आकडे बसवायची पद्धत आली होती. तिथे "क" म्हणून काही नाही, "क चा डावा तुकडा", "उभी काडी" आहे. पहिली वेलांटी अक्षराच्या आधी, रफार नंतर. तो फॉन्ट नसेल तर कोणता आकडा म्हणजे काय, हे सांगायला माणूसच नाही. चुंबकाने तीस वर्षं इमानाने धरून ठेवलं आणि आपण त्याची किल्ली हरवली.

२४ ऑगस्ट, शनिवार

किल्ली सापडली. २३ जूनला निरुपयोगी म्हणून बाजूला ठेवलेल्या पाचांपैकी १९ नंबरमध्ये, लग्नपत्रिकांच्या चित्रांखाली, ट्रूटाइप फॉन्टची एक फाइल. उघडली तर अक्षरं एकेक करून समोर. स्वतःच्या मूर्खपणाला नमस्कार.

तक्ता करायला सुरुवात केली. दोनशेच्या आसपास तुकडे आहेत.

१ सप्टेंबर, रविवार

तक्ता पूर्ण. "र्‍य" आणि "र्य" यांत आठ तास गेले, त्यावर जास्त लिहीत नाही.

डीटीपीवाल्याला चिपळूणला फोन केला होता. आता झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान आहे. त्याच्याकडे त्या काळातली हार्ड डिस्क आहे, पुरात बुडालेली. "सुरू करून बघू का?" म्हणाला. मी जवळजवळ ओरडलोच. त्या काळची हार्ड डिस्क हवाबंद नसते, दाब सारखा राहावा म्हणून तिला बारीक भोक असतं, त्यातून गढूळ पाणी आत गेलेलं असणार. हेड चकतीला टेकत नाही, हवेच्या थरावर तरंगतं, आणि ते अंतर केसाच्या जाडीच्या हजाराव्या भागासारखं. वाळलेल्या वाशिष्ठीच्या गाळाचा एक कण त्यापुढे डोंगर. वीज दिली की गाळाने चकती घासली जाईल. ती आहे तशी पिशवीत ठेवायला सांगितली. धूळविरहित खोली असलेल्यांचं हे काम, माझं नाही.

८ सप्टेंबर, रविवार, चिपळूण

गणपतीला आलोय. मोठ्या टायपात छापलेला गठ्ठा आत्यासमोर ठेवला. प्रती तीन केल्या. एक हार्ड डिस्कवर, एक पेनड्राइव्हवर, एक कागदावर. पेनड्राइव्हमध्ये चुंबकाचा संबंध नाही, तिथे विजेचा भार अडकवून ठेवलेला असतो, आणि वर्षानुवर्षं कपाटात पडून राहायचं असेल तर माझा त्याच्यावर भरवसा कमी. मूळ पालटांच्या नोंदीही ठेवल्या आहेत. उद्या कुणाकडे माझ्याहून चांगली युक्ती असेल तर फ्लॉपीला हात न लावता पुन्हा प्रयत्न करता येईल.

०४ मधला तो एक सेक्टर. ५१२ बाइट, म्हणजे सहा-सात ओव्या. माझी कल्पना होती की आत्याला आधीच्या-नंतरच्या ओव्या वाचून दाखवाव्यात, मधल्या आठवतील. वाचून दाखवल्या. तिला आठवल्या, दोन तर तिने गाऊनच दाखवल्या. मी लॅपटॉप उघडला तर म्हणाली, "तिथे घालू नकोस."

"का? तूच तर उतरवल्यास."

"मला आठवतात त्या माझ्या आईच्या. ही बाई गुहागरकडची. तिने कशा म्हटल्या होत्या ते मला आता सांगता यायचं नाही. टिंबं दे."

टिंबं दिली. २७ च्या गेलेल्या भागातही तसंच.

फ्लॉप्या पुन्हा डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसह. ३३ वेगळ्या पाकिटात, वर लाल शाईने "ड्राइव्हमध्ये घालू नये". डबा परत माळ्यावर.